डॉक्टरांनी न पाहिलेली अडीच पानं

डॉ. पार्श्वनाथ बेडकिहाळे. मी आज जो काही आहे तो या एका माणसामुळे, म्हणून त्यांचं नाव आधी लिहितो. मी मस्कतला निघालो त्या दुपारी ते मला सोडायला बेळगावच्या बसस्टँडवर आले होते. ओपीडी अर्ध्यात थांबवून आले होते, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच होता. मुंबईची बस लागायला वेळ होता. येळ्ळूरहून आई आणि बाबा आले होते. आई पिशवीत चटणी कोंबत होती आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, "लई लांब न्हाय न्हवं?" डॉक्टर म्हणाले, "लांब कुठलं आक्का, मिरजेच्या थोडं पुढं." आई हसली. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "तिकडं मशीनच्या खोलीत एसी फार थंड ठेवतात म्हणे. स्वेटर घेतलास काय?" मस्कतला जाताना स्वेटरची आठवण करणारा दुसरा कोणी मला भेटला नाही.

मी त्यांच्या पाया पडलो आणि बसमध्ये चढलो. मंगल नावाच्या मुलीच्या मृत्यूचा दोष त्या वेळी ते स्वतःकडे घेऊन बसले होते. तो दोष माझा होता. बस सुटेपर्यंत अर्धा तास होता आणि मी तो खिडकीतून हात हलवण्यात घालवला.

डॉक्टरांच्या ऐंशीव्या वर्षानिमित्त त्यांचे जुने पेशंट एक पुस्तक काढत आहेत. त्यांची मुलगी शुभांगीताई यांनी फोन करून माझ्या आठवणी मागितल्या, त्या या. गावाकडे राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनी त्या पूर्ण वाचाव्यात, एवढीच विनंती.

डॉक्टर मूळचे निपाणीकडचे. घरी तंबाखूची शेती. मुंबईत मेंदूविकाराचं शिक्षण घेऊन ते बेळगावला परत आले, तेव्हा आमच्या पट्ट्यात मेंदूचा वेगळा डॉक्टर असतो हेच लोकांना माहीत नव्हतं. फिट आली की कांदा हुंगवायचा, नाहीतर हातात किल्ली द्यायची, आणि मग अंगारा देणारा देवऋषी गाठायचा. डॉक्टरांना एका धर्मादाय दवाखान्यात मागच्या बाजूची खोली मिळाली. आमच्या भागातलं मेंदूचा आलेख काढणारं पहिलं मशीन त्या खोलीत आलं. मी बी.एस्सी. झालेला, घरातला पहिला पदवीधर, उद्यमबागेत एखाद्या कारखान्यात चिकटेन म्हणून फिरत होतो. मशीनवर माणूस हवा आहे असं कळलं म्हणून गेलो, तर डॉक्टरांनी मला विचारलं, "केसात बोटं घालायची घाण वाटते काय?" मी नाही म्हटलं. तीच माझी मुलाखत.

डोक्याची मापं घेऊन वायरी कुठं चिकटवायच्या ते त्यांनी मला स्वतःच्या डोक्यावर शिकवलं. आलेख वाचायलाही शिकवलं, खरं तर ते माझं काम नव्हतं. दर गुरुवारी आम्ही निपाणीला जायचो. एका व्यापाऱ्याने तंबाखूची रिकामी वखार दिली होती, तिथं ते पेशंट तपासायचे. वास इतका उग्र की पहिली दहा मिनिटं सगळेच शिंकायचे. चिकोडीकडचे कानडी बोलणारे आणि कागलकडचे मराठी बोलणारे एकाच बाकावर बसत. गोळ्यांच्या पाकिटावर कोणत्या भाषेत लिहायचं यावरून एकदा दोन गट हमरीतुमरीवर आले. डॉक्टरांनी पेन उचललं आणि सकाळच्या गोळीवर कोंबडा आणि रात्रीच्या गोळीवर चांदणी काढली. तेव्हापासून कुणी वाद घातला नाही. ते जैन, सूर्यास्ताआधी जेवणारे. निपाणीहून परतताना ते गाडीतच डबा उघडायचे आणि अर्धी भाकरी माझ्या हातात द्यायचे.

त्यांची एक पद्धत होती. फिट कशी आली ते सांगायला नातेवाईक सुरुवात करत, तसे ते थांबवत. "सांगू नका. करून दाखवा." लोक लाजायचे. मग कुणीतरी उठायचं आणि सगळ्यांसमोर हात वाकडा करून, मान फिरवून जमिनीवर पडायचं. बोरगावच्या एका सासूबाईंनी सुनेची फिट इतकी रंगवून दाखवली की वखार हसायला लागली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सासूला हात देऊन उठवलं आणि म्हणाले, "आक्का, तुम्ही नाटकात पायजे होता. पण एक सांगा, पडताना तुमची सून इतकं वळून बघती काय, खाली कुठं मऊ आहे ते?" सासूबाई ओशाळल्या, मग त्यांनाच हसू आलं. त्यानंतर त्यांनी खरी फिट दाखवली. निदान त्या दुसऱ्या पडण्यावरून झालं.

मंगल आमच्या येळ्ळूरची. तिचे वडील मारुती आप्पा आणि माझे बाबा एकाच फाउंड्रीत. वर्षानुवर्षं बाबा त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून कामाला गेले. तापलेलं लोखंड सांडून बाबांचा पाय भाजला तेव्हा आप्पांनी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. मंगलला बाराव्या-तेराव्या वर्षापासून फिट येत. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या थांबल्या, तीन वर्षं एकही आली नाही. फक्त सकाळी कधी हात झटकायचा आणि कप उडायचा. घरातले तिला धांदरट म्हणत. तेही फिटचंच लक्षण होतं, पण ते डॉक्टरांपर्यंत कधी गेलं नाही.

तिचं लग्न निपाणीजवळच्या एका घरात ठरलं. कुणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं, म्हणून मुलाकडच्यांनी डॉक्टरांचा कागद मागितला. आलेख स्वच्छ आला तर डॉक्टर कागद देणार होते. ठरलेल्या दिवशी आप्पा माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. "परशा, तू आपल्या गावचा हाईस. पोरीचं लगीन मोडाय नगं बघ. आनी काय बोलू?" त्यांनी हात जोडले. त्या माणसाने हात जोडलेले मी कधी पाहिले नव्हते.

आलेख छान चालला होता. मग तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला सांगायचा भाग आला. दुसऱ्या मिनिटाला सगळी पेनं एकदम उसळली आणि शाई कागदाच्या कडेपर्यंत उडाली. मंगलला मशीन दिसत नव्हतं, पण पेनांचा आवाज तिने ऐकला. डोळे मिटूनच ती म्हणाली, "परशादादा, लई उसळलं न्हवं? परत घे की. मी सावकास घेतो श्वास."

मी मशीन थांबवलं. ती अडीच पानं फाडली, बोळा केला आणि कापूस-पट्ट्यांच्या बादलीत टाकला. मशीन पुन्हा सुरू केलं. ती सावकाश श्वास घेत राहिली आणि पेनं सरळ चालली. पानांवर नंबर मीच घालायचो, आणि तेही सगळं संपल्यावर. त्यामुळे मध्ये काही गेलं आहे हे कुणालाच कळलं नसतं. मी एक चांगलं काम करतो आहे असं मला त्या क्षणी वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

डॉक्टरांनी कागद दिला. गोळ्या मात्र सहा महिन्यांत हळूहळू कमी करा, एकदम बंद करू नका, असं त्यांनी आप्पांना बजावलं. पण कागद सासरच्या हातात पडल्यावर गोळ्या नवरीच्या पेटीत कशा जाणार? आजार नाही असं लिहून दिलेल्या मुलीने कोंबडा काढलेलं पाकीट कुठं लपवायचं? मंगल गोळ्या माहेरीच ठेवून गेली.

लग्नानंतर दीड महिन्याने, सकाळी, ती परड्यातल्या हौदातून पाणी काढायला वाकली. हौदात गुडघाभर पाणी होतं. घरातल्यांना ती त्यातच पडलेली सापडली.

पुढच्या गुरुवारी तिच्या सासरचे लोक वखारीत आले. तिचा दीर ओरडत होता, "कागद इकलास व्हय रं डॉक्टर? कितीला इकलास?" बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. डॉक्टर खुर्चीतून उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कागद विकला नाही. पण वाचण्यात माझी चूक झाली असणार." मी त्यांच्या मागे दोन हातांवर उभा होतो.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला दवाखान्यात बोलावलं. मंगलचा आलेख टेबलावर पसरला होता आणि ते भिंग घेऊन पान अन् पान बघत होते. सकाळपासून बघत होते. शेवटी भिंग माझ्याकडे देऊन म्हणाले, "परशराम, तुझे डोळे तरुण आहेत. तुला काही दिसतं काय?"

मी सगळी पानं उलटली. "न्हाय सर," म्हणालो.

ते खोटं नव्हतं. त्या पानांत खरंच काही नव्हतं.

तीन-चार महिन्यांत त्यांनी निपाणीचा गुरुवार बंद केला. मला म्हणाले, "बेळगावात विचारायला दुसरे डॉक्टर तरी आहेत. इथं निपाणीत मी एकटा बघतो. माझी चूक पकडायला दुसरा कोणी नाही. असं काम करू नये." ज्यांना जमलं ते पेशंट बेळगावला येत राहिले. बाकीच्यांचं काय झालं हे मला माहीत नाही, आणि हा अंधारही माझ्याच वाट्याचा आहे. त्याच सुमारास मी मस्कतच्या नोकरीसाठी अर्ज केला. डॉक्टरांनी शिफारसपत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, या मुलाने काढलेल्या आलेखावर मी डोळे झाकून सही करतो. त्या पत्रावर मला नोकरी मिळाली.

इथं माझं बरं चाललं. मस्कतच्या रुवी भागात दोन खोल्यांचा फ्लॅट, मुलगी इंजिनिअर झाली, खिशात बताका. म्हणजे इथलं ओळखपत्र, दर दोन-तीन वर्षांनी नवं करून घ्यायचं. आठवडा रविवारी सुरू होतो. मल्याळी सिस्टर मला 'परस्सर' म्हणतात. ओमानी पेशंटांच्या आयांना मी मोडक्यातोडक्या अरबीत सांगतो, करून दाखवा, आणि त्याही तशाच लाजतात. आता कागद नाही, शाई नाही. आलेखातलं काही पुसलं तर कुणी पुसलं आणि किती वाजता पुसलं हे मशीनच लिहून ठेवतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शिफ्ट संपल्यावर बराच वेळ पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो.

सुट्टीवर गेलो की आई पहिला प्रश्न विचारायची, "डॉक्टरास्नी भेटून आलास काय?" मी जायचो. खजुराचा डबा ठेवायचो, दहा मिनिटं बसायचो आणि कुणाचं तरी लग्न सांगून उठायचो. आई गेली, मग बाबा गेले, मारुती आप्पाही गेले. येळ्ळूरला आता माझं घर कुलपात आहे. त्या घरापेक्षा डॉक्टरांची मशीनची खोली मला अधिक घर वाटायची, आणि तिथंच मला दहा मिनिटांवर बसता येत नव्हतं. बाहेर पडलेले बरेच जण म्हणतात, गाव बदललं म्हणून परत जावंसं वाटत नाही. माझ्या बाबतीत गावाचा काही दोष नाही.

शुभांगीताई फोनवर म्हणाल्या, "वडिलांना आता नावं आठवत नाहीत. सकाळचं दुपारी आठवत नाही. तपासायला जे येतात ते त्यांचेच विद्यार्थी, आणि हे त्यांनाच विचारतात, तुम्ही कुठले? पण ती एक मुलगी विसरत नाहीत. दोन दिवसांआड म्हणतात, तिच्या आलेखाचा कागद आण, मला परत एकदा बघायचा आहे. काय सांगावं कळत नाही हो."

मी फोन ठेवला आणि दोन दिवस ड्यूटीवर गेलो नाही. गौरवाच्या पुस्तकासाठी गोड चार पानं लिहून देणं मला जमलं असतं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना पत्र लिहिलं आणि शुभांगीताईंच्या पत्त्यावर पाठवलं. ताईंना सांगितलं, पुस्तकात काही छापायचं तर हेही छापा, नाहीतर माझं काहीच नको.

*

ती. डॉक्टरांना,

शिरसाष्टांग नमस्कार.

मी परशराम, येळ्ळूरचा. तुमच्याकडे मशीनवर होतो. माझा चेहरा आठवला नाही तरी चालेल.

येळ्ळूरच्या मंगलचा आलेख मी काढला. जोरात श्वास घेताना दुसऱ्या मिनिटाला दोन्ही बाजूंनी एकदम उसळी आली, साधारण चार सेकंद. शिकाऊ माणसालाही दिसली असती इतकी स्पष्ट होती. ती अडीच पानं मी फाडून टाकली आणि तो भाग पुन्हा काढला. मारुती आप्पांनी विनवलं होतं, मंगललाही तेच हवं होतं. पण फाडली मी. त्यांना त्या पानांचा अर्थ माहीत नव्हता. मला तुम्ही शिकवला होता.

तुमची वाचण्यात चूक झाली नाही. तुमच्यापुढे जे ठेवलं ते तुम्ही बरोबर वाचलंत. वखारीत तो दीर ओरडत होता तेव्हा मी तुमच्या मागे होतो. रविवारी भिंग माझ्या हातात होतं. बसस्टँडवर अर्धा तास होता. त्यानंतर दर सुट्टीला दहा मिनिटं होती. मी बोललो नाही. तुम्ही निपाणी बंद केलंत तेही माझ्यामुळे.

माफी मागत नाही. ती मागण्याची वेळ तुम्हाला सगळं आठवत होतं तेव्हा होती.

शुभांगीताईंना मी एक विनंती केली आहे. तुम्ही मंगलचा कागद मागितलात की त्यांनी हे पत्र तुम्हाला वाचून दाखवावं. दोन दिवसांनी तुम्ही पुन्हा मागाल, तेव्हा पुन्हा वाचावं. ताई मला म्हणाल्या, "म्हणजे वडिलांना दर वेळी नव्यानेच कळणार, आणि दर वेळी ते तुमच्यावर नव्यानेच चिडणार." मी म्हटलं, "हो. तितक्या वेळा त्यांना हेही कळेल की त्यांची चूक नव्हती."

तुमचा,
परशराम