मातीच्या भिंतीवरचं सिमेंट

निवृत्त झाल्यावर वडिलांनी अमळनेरला एक जुनं मातीचं घर घेतलं. ते दुरुस्त करून नफ्यात विकायचं आणि मग धुळ्याला आमच्याजवळ कायमचं राहायला यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

उन्हाळ्यात त्यांनी भिंतींना सिमेंटचा गिलावा करायला काढला, तेव्हा मिस्तरी म्हणाला, "आबा, मातीनी भित शे. फेटा बांधीसन म्हातारा नवरदेव होत नही."

"गिऱ्हाइकाला चकचकीत लागतं," वडील हसून म्हणाले.

पावसाळ्यात भिंतीत मुरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहिली नाही आणि गिलावा फुगून सुटू लागला. एका गिऱ्हाइकाने भिंतीवर तळहात दाबून पाहिला आणि चहा न घेताच तो निघून गेला. वडील पुन्हा गिलावा करून घ्यायला तिथेच थांबले. "एवढं घर विकलं की येतोच," असं दर पत्रात लिहीत. हिवाळ्यात त्याच घरात ते वारले. जवळ कोणी नव्हतं.

नंतर त्याच मिस्तरीने सगळं सिमेंट खरवडून काढलं आणि भिंती माती-शेणाने सारवल्या. महिन्याभरात त्या सुकल्या आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने घर घेतलं.

धुळ्याला त्यांच्या पुस्तकांसाठी मी रिकामं केलेलं कपाट अजून तसंच आहे.