जाधव मॅडमनी वाचलेली वही

जाधव मॅडम पाठ बघायला वर्गात आल्या, की खुर्ची उचलून फळ्याजवळच्या कोपऱ्यात नेत आणि मुलांकडे तोंड करून बसत. बी.एड.चे बाकीचे प्राध्यापक मागच्या बाकावर बसायचे. शिकवणाऱ्याचा आवाज, फळ्यावरचं अक्षर, हातवारे बघायचे आणि त्यावर गुण द्यायचे. मॅडम अख्ख्या तासात आमच्याकडे ढुंकूनही बघत नसत. माझा पहिला पाठ संपल्यावर मी जरा रुसूनच विचारलं, "मॅडम, तुम्ही मला पाहिलंच नाही. मग शेरा कशावरून लिहिलात?"

"तू काय बोलणार ते तुझ्या लेसन प्लॅनमध्ये लिहिलंय की. पोरांच्या तोंडावर काय लिहिलंय, ते मला वाचायचं होतं."

अशा बाई मला शिकवायला लाभल्या, याचा मला दीड वर्ष फार अभिमान होता. पुढे त्यांनीच माझा हात सोडला. पण त्यांनी शिकवलेलं सगळं माझ्याकडेच राहिलं. ते परत करायची काही सोय नसते. त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहायला बसले की लेखणी कुठल्या बाजूनं चालवावी, हेच कळत नाही.

आमचं कॉलेज फरीदाबादच्या कडेला होतं. मी नोएडाहून दोनदा मेट्रो बदलून जायची. गणितात एम.एस्सी. झाले होते, घरचे म्हणत होते एखाद्या कंपनीत लाग, आणि मला शाळेतच शिकवायचं होतं. पहिल्या दिवशी हजेरी घेताना मॅडम माझ्या आडनावाशी थांबल्या.

"भिसे? कुठली गं तू?"

"नोएडाची."

"ते दिसतंय. मूळची?"

"आजोबा बार्शीचे होते. मी कधी गेले नाही."

"बरं झालं, वर्गात एक तरी मराठी आली. दिवसभर जी-जी करून माझी जीभ आंबते."

त्या सातारा भागातल्या. वडील हवालदार होते, दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. लग्न केलं नव्हतं. म्हाताऱ्या आईला घेऊन दोन खोल्यांत राहत. कॉलेजातली त्यांची नोकरी कंत्राटी होती, दर उन्हाळ्यात संपायची आणि जुलैत पुन्हा लागायची. वर्गात त्यांचं हिंदी अगदी साफ, पण माझ्याशी बोलताना त्या हटकून गावाकडच्या व्हायच्या. "लेसन प्लॅन म्हंजे मळलेलं पीठ," त्या म्हणायच्या. "ते काय पोरांच्या पानात वाढतात का? भाकरी तिथंच थापावी लागती, त्यांच्यासमोर."

दुसऱ्या वर्षी आम्हाला चार महिने एका खासगी शाळेत शिकवायला पाठवलं. ही इंटर्नशिप पुरी झाल्याशिवाय पदवी नाही. शाळेच्या फाटकावर मोठा फलक होता : दहावीचा निकाल शंभर टक्के. मला नववीचा एक वर्ग मिळाला. तिथे शबाना नावाची मुलगी होती. वडील कारखान्यात मशीनवर, आई घरी शिवणकाम करायची. एके दिवशी तिनं विचारलं, उणे गुणिले उणे अधिक का होतं? मी म्हटलं, तसा नियम आहे. तास संपल्यावर मॅडमनी मला व्हरांड्यात थांबवलं.

"नियम आहे म्हणालीस, आणि ती पोरगी खाली बघायला लागली. एवढं चांगलं विचारलं होतं तिनं. प्रश्न विचारणाऱ्या पोराला गप्प करायला एक शब्द पुरतो, बाय. परत बोलतं करायला वर्ष जातं."

दुसऱ्या दिवशी मी जमिनीवर खडूनं रेघ आखली आणि शबानालाच तिच्यावर चालायला लावलं. तोंड वळवलं की एक उणे, उलटं चाललं की दुसरं. तोंड वळवून उलट्या पावलांनी चालत ती रेघेच्या अधिक बाजूला पोचली, थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "अच्छा!" कोपऱ्यातल्या खुर्चीवर मॅडम हसत होत्या. त्या दिवसापासून शबाना मधल्या सुट्टीत गणितं घेऊन येऊ लागली.

इंटर्नशिपचे शेवटचे दिवस नववीच्या वार्षिक परीक्षेत गेले. गणिताच्या बाई रजेवर होत्या, म्हणून पेपर मला तपासायला दिले. शबानाला ऐंशीपैकी एकतीस मिळाले. फार नव्हेत, पण ती पास होती आणि ते तिचे स्वतःचे होते. फाटकापाशी तिनं मला गाठलं. "मॅम, मैं पास हूँ ना?" मी सांगायला नको होतं. पण तिचा चेहरा बघून राहवलं नाही. "हाँ. बिल्कुल पास हो." ती पळत सुटली. घरी, गल्लीत, सगळ्यांना सांगितलं असणार.

निकालाच्या दिवशी ती नापास होती. तिच्यासारखी आणखी आठ मुलं. त्यांच्या आईबापांना बोलावून सांगण्यात आलं, दाखला घेऊन जा, दहावीला दुसरी शाळा बघा. मी पेपर पुन्हा काढून बघितले. शबानाची दोन अचूक सोडवलेली गणितं दुसऱ्याच पेननं खोडली होती. एकतिसाचे एकवीस झाले होते, आणि खाली सही माझी होती. नऊच्या नऊ पेपरांची तीच गत. फाटकावरचा फलक तसाच राहावा म्हणून कच्ची मुलं दहावीच्या आधीच गाळायची, अशी ती रीत होती.

इंटर्नशिपमध्ये आम्हाला रोजच्या अनुभवांची एक वही लिहावी लागे. मी घडलेलं सगळं तिच्यात लिहिलं आणि वही घेऊन कॉलेजात गेले. मॅडमनी उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली, मग खुर्ची ओढून बसल्या आणि पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

"नऊ पोरं?"

"नऊ."

"तारीख घाल. कुठला प्रश्न, तू दिलेले किती, नंतरचे किती, सगळं मांड. मी सही करते."

"मॅडम, माझी इंटर्नशिप अडकणार नाही ना?"

"घाबरतीस काय? मी आहे ना." आणि त्यांनी पानापानावर सही केली. वही तपासायला म्हणून ठेवून घेतली.

चार दिवसांनी मला शाळेत बोलावणं आलं. प्रिन्सिपलच्या टेबलावर माझी वही उघडी पडली होती. शेजारच्या खुर्चीवर जाधव मॅडम बसल्या होत्या. मला अगदी हायसं वाटलं. वाटलं, आता मॅडम बोलतील.

प्रिन्सिपलनी वहीवर बोट ठेवलं. "ये साइन आपके हैं, मैडम?"

"जी, मेरे हैं," मॅडम म्हणाल्या. "पर चालीस नोटबुक होती हैं, सर. हर पन्ना कहाँ पढ़ पाती हूँ? साइन कर देती हूँ."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. त्या पुढे म्हणाल्या, "लड़की अच्छी है, पर जज़्बाती है. बच्चों से लगाव हो गया, नंबर खुले हाथ से दे दिए." त्या तासाभरात त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी पर्समधून एक कागद काढला. मजकूर त्यांच्याच हातचा होता. माझ्या तपासणीत चूक झाली, मी दिलगीर आहे, असा. "सही कर," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "वर्ष वाचेल तुझं. डिग्री हातात पडू दे, मग काय लढायचं ते लढ."

"तुम्हीच म्हणालात ना, तारीख घालून लिही म्हणून?"

"म्हणाले होते. आता हे म्हणते."

आणि मी सही केली. कुणी माझा हात धरला नव्हता. व्हरांड्याच्या कठड्यावर कागद ठेवून, मॅडमच्याच पेननं केली. वर्ष काही वाचलं नाही. कॉलेजनं त्याच कागदावर बोट ठेवून माझी इंटर्नशिप रद्द केली, पुढच्या वर्षी पुन्हा करायला सांगितलं.

त्याच आठवड्यात मी शबानाचं घर शोधत गेले. कारखान्यांच्या मागची गल्ली. दार तिच्या आईनं उघडलं, आणि मला आत या म्हणाली नाही.

"आपने तो लिखकर दे दिया मैडम, कि नंबर ग़लत थे. स्कूल वालों ने काग़ज़ दिखाया हमें. और ये लड़की रो-रोकर कहती रही, मैं पास हूँ, मैं पास हूँ. इसके अब्बू ने पहली बार हाथ उठाया, झूठ बोलने पर."

तिच्या मागे पडद्याशी शबाना उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. तिथे एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडात आलंही होतं. पण पुन्हा तक्रार झाली तर पदवीच हातची जाईल, हा विचार त्याच्या आधी आला. "माफ़ कीजिए," एवढंच पुटपुटून मी परत फिरले.

पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत मी इंटर्नशिप पुरी केली. पात्रता परीक्षा दिली, आणि आता दिल्लीतल्या एका सरकारी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. माझा वर्ग बरा चालतो, असं लोक म्हणतात. मुलगा चुकला तर मी उत्तर पुसत नाही. ते कुठून आलं ते त्यालाच विचारते. एकदा आमच्या मुख्याध्यापिकेनं कौतुकानं विचारलं, हे कुणाकडून शिकलात? मी म्हटलं, अनुभवातून. मॅडमचं नाव मी मुद्दाम गिळलं. बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

त्या सगळ्याला चार वर्षं झाल्यावर गेल्या वर्षी मॅडमचा फोन आला. "अनघा, मी जाधव. आई गेली गं. मी आता गावाकडं चाललेय कायमची. एकदा येऊन जाशील?"

गेले. घरात गाठोडी बांधलेली, भिंतींवर उतरवलेल्या तसबिरींचे चौकोन. मॅडम पुष्कळ वाळल्या होत्या. चहा ठेवायला उठल्या, मी नको म्हटलं. त्या पुन्हा बसल्या.

"ती वही मीच नेऊन दिली त्यांना."

"ठाऊक आहे मला."

"वाटलं होतं, गुपचूप दाखवली तर मार्क सुधारतील, गवगवा न होता निभावेल. त्यांनी उलट मलाच विचारलं, पुढल्या वर्षी तुमच्या मुली आमच्याकडं पाठवायच्यात ना? आपल्या कॉलेजच्या सगळ्या मुली एकदम घेणारी तेवढी एकच शाळा होती. जुलैत नोकरी पुन्हा लागायची होती. आई अंथरुणाला खिळलेली. हे कारण म्हणून सांगत नाही. झालं ते सांगते."

"पण तुम्ही म्हणालात, वाचलंच नव्हतं."

"एकेक ओळ वाचली होती, बाय. दोनदा."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी चार वर्षं थांबले होते. वाटायचं, त्या एकदा एवढं म्हणाल्या की छातीवरचं ओझं उतरेल. काहीच उतरलं नाही. उलट रागच आला. "हे मला सांगून काय उपयोग, मॅडम? मला ते माहीतच होतं. शबानाच्या आईला सांगा."

त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग म्हणाल्या, "येते. रविवारी जाऊ. अकरा वाजता मेट्रोच्या गेटाशी थांब."

आणि मी पुन्हा विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर त्यांच्याबरोबर त्या गल्लीत शिरायचं या कल्पनेनं मला धीर आला होता. रविवारी पावणेअकरालाच जाऊन उभी राहिले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. फोन बंद. सव्वाबाराला रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. घरमालक जिना धूत होता. "वो तो परसों ही चली गईं," तो म्हणाला. "शुक्रवार की गाड़ी थी." म्हणजे मला रविवार सांगताना तिकीट बहुधा त्यांच्या पर्समध्येच होतं.

पहिल्या वेळी त्यांना नोकरीची भीती होती, असं मी स्वतःला समजावू शकत होते. या वेळी कसली भीती होती? गल्लीतल्या एका खोलीत एक शिवणकाम करणारी बाई आणि तिची मुलगी. त्या ओल्या जिन्याशी उभी राहून मी पहिल्यांदा मॅडमवर मोठ्यानं ओरडले, आणि ऐकायला तो घरमालक तेवढा होता. त्या गावी सुखरूप आहेत, असं नंतर कळलं. मी फोन केला नाही. त्यांनीही नाही.

घरी निघून यावं, असं फार वाटत होतं. रिक्षावाल्यानं विचारलं, "मेट्रो?" मी त्याला कारखान्यांच्या मागच्या गल्लीचा पत्ता सांगितला.

दार शबानानं उघडलं. उंच झाली होती, गळ्यात मोजमापाची टेप. आत मशीन चालू होतं. वाटेत मी मॅडमबद्दल एक लांबलचक वाक्य तयार केलं होतं : कुणी लिहायला सांगितलं, कुणी फसवलं. दारात ते सगळं गळून पडलं.

"शबाना, तुम पास थीं," मी म्हटलं. "इकतीस नंबर थे. दोनों सवाल सही थे. वो चिट्ठी मैंने डर के मारे दी थी."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. "मुझे तो पता था, मैम. सवाल मैंने ही किए थे." मग ती दारातून बाजूला झाली. "अम्मी को बताइए. वो आज तक मुझे झूठी समझती हैं."

आतलं मशीन थांबलं. मी चपला काढल्या आणि आत गेले.