थोरल्या भावाची पालक

मी दादाहून तीन वर्षांनी धाकटी, आणि कायद्यानं त्याची पालक. हे सांगितलं की लोक हसतात. सुरुवातीला मीही त्यांच्याबरोबर हसायचे.

दादा जन्मापासून गतिमंद. पण देवळाली प्रवरात आमच्या गल्लीत त्याला तसं कुणी म्हणत नसे, तो सगळ्यांचाच दादा होता. आईनं त्याला नुसतं बसवून ठेवलं नाही. गायीला वैरण घालणं, डेअरीवर दूध पोचवणं, कोपऱ्यावरच्या दुकानातून चहा-साखर आणणं, ही कामं त्याची. उरलेले सुटे पैसे आईपुढे ओतून तो म्हणे, "बघ, बरुबर हाय." आणि बरोबरच असत.

माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात जो भेटेल त्याला तो सांगत सुटला होता, "मी मामा हाय. हिच्या लग्नात मी मागं उभा राहनार." आमच्याकडे नवरीला मामा मांडवात घेऊन येतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. तेव्हापासून लग्न कुणाचंही असो, दादा पुढे घुसून मामा कसा उभा आहे ते नीट पाहून घेई. घरी आल्यावर माझ्या पोरीला पुढ्यात उभी करून तालीम चाले. ती खिदळायची, तो अजिबात हसायचा नाही.

मग आई गेली. बँकेत, तलाठ्याकडे, दवाखान्यात, जिथे जाऊ तिथे एकच प्रश्न, याचा पालक कोण? माझ्याशिवाय होतंच कोण? मी रीतसर अर्ज केला. नगरला कलेक्टर कचेरीत, पालक नेमणाऱ्या समितीपुढे दोघांना बोलावणं आलं.

दादाला वाटलं, परीक्षा आहे. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस चापून तो एसटीत बसला. राहुरी सोडल्यापासून नगर येईपर्यंत त्याची उजळणी चालली होती. नाव, गाव, वय, आईचं नाव, गायीचं नाव. आईनं हे सगळं त्याच्याकडून घोटून घेतलं होतं, पाहुण्यांपुढे पोरानं गोंधळू नये म्हणून.

कचेरीच्या व्हरांड्यात आमच्यासारखेच आलेले एक गृहस्थ बसले होते. दादाशी त्यांच्या बऱ्याच गप्पा झाल्या. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "बाई, हे तर चांगलं बोलत्यात. आत असंच बोलले तर सायब म्हनतील, ह्यांना पालक कशापायी पायजे?"

अर्ज फेटाळला तर पुन्हा तेच हेलपाटे. मी दादाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आत गेल्यावर गप्प बसायचं, मी बोलेन.

"पर मला सगळं येतंय," तो म्हणाला.

"दादा, सांगितलं ना एकदा."

मी शेवगावला शाळेत शिकवते. प्रश्न विचारायचा आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत आपणच उत्तर देऊन मोकळं व्हायचं, ही माझी जुनी खोड. आत साहेबांनी विचारलं, "यांना पैसे ओळखता येतात का?" दादानं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मीच घाईघाईनं म्हणाले, "नाही साहेब." एकटे दुकानात जातात का? "नाही." स्वतःचं काही ठरवता येतं का? "नाही साहेब, त्याला काहीच कळत नाही."

दादा माझ्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे. आई रागावली की काय चुकलं ते शोधत तो तिच्याकडे जसा बघायचा, तसा. साहेब भले होते. ते म्हणाले, "मॅडम, त्यांनाही बोलू द्या," आणि त्याच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बहिणीनं तुमची पालक व्हावं असं तुम्हाला वाटतं का?"

"ती सांगल तसं," दादा म्हणाला.

कागद हातात आला आणि मी त्याला शेवगावला घेऊन आले. तिथे तो विचारू लागला. पाणी पिऊ का, अंगणात बसू का, झोपू का. खरं सांगते, पहिले काही दिवस मला बरंच वाटलं. शहाण्यासारखा वागतोय, डोक्याला ताप नाही, असं मी शेजारणीला कौतुकानं सांगितलंही. नवरा म्हणाला, घर नवं आहे, रुळेल. मग एका सकाळी मी दादाच्या हातात पैसे ठेवले आणि कोथिंबीर आणायला सांगितलं. त्यानं पैसे परत माझ्या हातात दिले.

"मला पैसं कळत न्हाईत," तो म्हणाला.

मी त्याला माझ्यापुढे बसवलं. मी त्याला परोपरीनं समजावलं, की ते साहेबांपुढे म्हणायचं असतं, ते खरं नव्हतं, माझं चुकलं. त्याचे हात धरून माफी मागितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला, आणि मग विचारलं, "आता उठू का?"

पोरीचं लग्न ठरलं तेव्हा मला आशा वाटली. आता हा खुलेल, म्हटलं. नवा सदरा शिवला, फेटा आणला. भटजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." दादा खुर्चीतून उठलाच नाही. एवढ्या गर्दीत त्याची नजर मला शोधत होती. मी मान हलवली, तेव्हा कुठे उठला. त्यानं तिला हाताला धरून आणलं, मागे उभा राहिला, अगदी तालमीतल्यासारखा. पण नजर नवरीकडे नव्हती, माझ्याकडे होती. माझ्या मागच्या बाया म्हणाल्या, "बघा, बहिनीच्या किती आज्ञेत हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली, लोक जेवणाकडे पळाले. मी विहीणबाईंशी बोलत होते. दादा माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि त्यानं मूठ उघडली. सगळ्या अक्षता तशाच होत्या, घामानं हळद तळहाताला लागलेली.

"आता टाकू का?"

तो इतका वेळ मी सांगायची वाट बघत होता, आणि मी रडण्याच्या नादात त्याच्या मुठीकडे पाहिलंच नव्हतं. मी म्हणाले, "दादा, तू मामा आहेस. मला नको विचारू. तुला वाटेल तेव्हा टाक."

त्यानं पोरीकडे पाहिलं. ती अजून बोहल्यावरच होती, फोटो चालले होते. हात वर गेला आणि तिथेच थांबला. मग त्यानं माझा हात ओढून घेतला आणि सगळ्या अक्षता माझ्या तळहातावर ओतल्या.

"तूच टाक," तो म्हणाला. "तुला कळतंय."