विमलताई आणि उभा माणूस

विमलताई भोयरांची आणि माझी पहिली भेट लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये झाली, आणि या बाई भांडकुदळ असाव्यात असं माझं तिथल्या तिथे मत झालं. अमृतमहोत्सवाच्या गौरवग्रंथात अशी सुरुवात करू नये, असं संपादकांनी मला फोनवर हळूच सुचवलं. पण ताईंनीच बजावलंय, "माझ्याबद्दल गोडगोड लिहिलंस तर ते पान मी फाडून टाकीन." संपादकांपेक्षा मला ताईंची भीती जास्त वाटते, तेव्हा जसं आठवतं तसं लिहिते.

मी नागपूरहून कंपनीच्या कामासाठी नुकतीच इथे आले होते. माणसं भेटतील आणि साबुदाणावडा मिळेल, या दोन आशांवर इथल्या आपल्या लोकांच्या मंडळाच्या कार्यक्रमाला गेले. चहा व्हायच्या आधी पांढऱ्या केसांच्या, कार्डिगनच्या बाह्या वर सरकवलेल्या एक बाई पुढे आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वडे कुठं पळून जात नाहीत. आधी वाचन." मग एकेक जण उभा राहून एकेक वाक्य वाचू लागला. अमुक ठिकाणी विद्यापीठ स्थापन केलं जाईल. अमुक ठिकाणी रेल्वेचा कारखाना उभारला जाईल. प्रत्येक वाक्यानंतर ताई कुणाला तरी फोन लावत, दोन मिनिटं बोलत, आणि हॉलकडे बघून विचारत, "काय म्हणता?" सगळा हॉल एका सुरात ओरडे, "अजून नाही!" लहान पोरं तर बाकावर चढून ओरडत होती. मी शेजारच्या बाईंना विचारलं, "हे काय, आरती आहे का?" त्या म्हणाल्या, "आरतीच समज. फक्त देव दिल्लीला असतो."

ज्यांना ही प्रथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ताईंचं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं. घरात मराठी, गल्लीत तेलुगू. आंध्रातून तेलंगणा वेगळा झाला, तेव्हा त्यांचं गाव नव्या राज्यात गेलं. वाटणी होताना दोन्ही राज्यांना दिल्लीहून पुष्कळ शब्द दिले गेले. संस्था, कारखाने, रस्ते, पाणी. बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि विसरून गेले. ताईंनी तेवढी वाक्यं पाठ केली. तेव्हापासून दरवर्षी, राज्याच्या वाढदिवसाच्या सुमारास, स्लाऊमध्ये हे वाचन होतं.

आणि दोन्ही राज्यांचं होतं, बरं का! एकदा आंध्रच्या किनाऱ्याकडचे राव गारू, म्हणजे आपल्या भाषेत रावसाहेब, रुसून मागच्या रांगेत बसले होते. त्यांना वाटलं, ताई पक्क्या तेलंगणाच्या, आपली दाद कोण घेणार? ताईंनी त्या वर्षी पहिलं वाचन त्यांनाच करायला लावलं. नंतर म्हणाल्या, "वाटणी झाली म्हणून एका भावाचं ताट भरायचं आणि दुसऱ्याचं झाकून ठेवायचं, असं असतं का? दोघांना जे बोललात ते दोघांना द्या." राव गारू तेव्हापासून वाचनाला सर्वांच्या आधी येतात आणि खुर्च्या मांडतात.

ताईंची कामाची रीत कळायला मात्र त्यांची नोकरी ठाऊक असायला हवी. त्यांनी इथल्या कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात उभी हयात काढली. बिल्डर परवानगी मागताना हजार गोष्टी कबूल करतात. झाडं लावू, फुटपाथ करू, मुलांना खेळायला जागा सोडू. ते खरंच केलं की नाही, हे बघायचं ताईंचं काम. एका बिल्डरने झाडं लावल्याचे सुरेख फोटो पाठवले. साहेब म्हणाले, झालं, सही करा. ताई छत्री घेऊन बसने तिथे गेल्या आणि एक झाड धरून ओढलं. झाड प्लास्टिकच्या कुंडीसकट वर आलं! त्या पठ्ठ्याने नर्सरीतून भाड्याने आणलेल्या कुंड्याच जमिनीत पुरल्या होत्या. ताई ते झाड तसंच हातात घेऊन बसमधून ऑफिसात गेल्या आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "घ्या तुमचं जंगल."

तिथूनच त्यांचा 'उभा माणूस' आला. कागद आला, फोटो आला, मंत्र्याचं भाषण आलं, ताईंच्या लेखी सगळं शून्य. त्या जागी आपला माणूस पायांवर उभा असला पाहिजे आणि त्याने डोळ्यांनी बघून सांगितलं पाहिजे. दोन्ही राज्यांत त्यांनी अशी माणसं जोडली आहेत. कुणी रिक्षावाले, कुणी निवृत्त मास्तर, कुणी पोस्टातले. फोन लागला की ताई खुशाली विचारत नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला, "कुठं उभा आहेस?" कुणी घरी बसून सांगायला लागला की त्याची धडगत नसते. "खाटेवर लोळून कारखाना दिसतो का रे तुला? ऊठ आधी!"

या उभ्या माणसाचं माझ्यावर ऋण आहे. माझी आई नागपूरला आजारी पडली तेव्हा चुलतभाऊ रोज सांगायचा, "काही काळजी करू नकोस, सगळं ठीक आहे." मी मानत होते, कारण मानणं सोयीचं होतं. नवी नोकरी, रजा मिळायची मारामार. ताईंनी माझा चेहरा बघून विचारलं, "तिथं उभं कोण आहे?" मी म्हटलं, भाऊ. "तो उभा नाही, तो तुला सांभाळून घेतोय." त्यांनी लगेच आपल्या ओळखीच्या एका बाईंना नागपुरात हॉस्पिटलला धाडलं. त्या बाईंनी आईच्या खाटेशेजारून मला फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, "पोरी, ये." मी गेले. आईने मला ओळखलं, माझा हात हातात घेतला, भाजी कोणती खातेस तिकडे म्हणून विचारलं. एवढं बोलणं झालं आमचं. ते बोलणं मला ताईंमुळे मिळालं, आणि हे लिहितानाही माझे डोळे भरून आलेत. त्यांनी मात्र आभार मानू दिले नाहीत. "रड खुशाल, पण कणिक मळता मळता रड, पंचवीस माणसं जेवायची आहेत," म्हणून मला स्वयंपाकाला जुंपलं.

आता त्या दिवसाविषयी, ज्याची गोष्ट स्लाऊपासून लंडनच्या पार पलीकडच्या इल्फर्डपर्यंत प्रत्येकजण आपापला मीठमसाला लावून सांगतो. मी हजर होते, तेव्हा खरी हकीकत माझ्याकडून घ्या.

ताईंच्या माहेरच्या गावाला, वाटणीच्या वेळी, मुलींसाठी नर्सिंग कॉलेज आणि सोबत वसतिगृह देण्याचं कबूल केलं होतं. हे वाक्य ताई कधी दुसऱ्या कुणाला वाचू देत नाहीत. त्यांच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, तरुणपणी नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. शहरात राहायला जागा नव्हती, म्हणून अक्का पेटी उचलून घरी परत आल्या आणि पुढच्याच लग्नसराईत त्यांचं लग्न लावून दिलं. अक्का आता नाहीत. त्यांची मुलगी पुष्पा मात्र आज गावातल्या या नव्या कॉलेजात शिकवते. कॉलेज निघालं, पण एका भाड्याच्या मंगल कार्यालयात. वसतिगृहाची नुसती कोनशिला बसली, कार्यालयाला लागून असलेल्या मोकळ्या जागेत. लांबच्या पाड्यांवरच्या पोरी जागेअभावी घरी परतत होत्या, अगदी अक्कांसारख्या.

त्या वर्षी दिल्लीचे एक बडे पाहुणे लंडनला येणार होते. मंडळाला स्वतःची वास्तू मिळावी म्हणून रदबदली करू, असा शब्द त्यांनी आमचे अध्यक्ष प्रभाकरराव यांना दिला होता. बदल्यात एकच इच्छा होती. ताईंनी त्यांच्यासमोर नर्सिंग कॉलेजला 'झालं' म्हणावं. ताईंच्या वाचनाची बातमी तिकडच्या मराठी-तेलुगू पेपरांत छापून येते आणि गावची माणसं ती घेऊन कचेरीत जातात. लंडनवालेच 'झालं' म्हणाले, की कचेरीला आयतं निमित्त. मग वसतिगृह मागायला तोंड कुणाला राहणार?

प्रभाकरराव वाईट माणूस नव्हे. भाड्याच्या हॉलच्या किल्ल्यांमागे वर्षानुवर्षं पळून ते थकले होते. माझ्यासमोर ताईंना म्हणाले, "ताई, कॉलेज चालू आहे ना? मग एकदा झालं म्हटलंत तर काय आभाळ कोसळेल?"

"मी काहून म्हणू? वसतिगृह कुठं आहे?"

"अहो, होईल हो ते पुढेमागे."

"मग मीपण म्हणीन पुढेमागे."

कार्यक्रम शनिवारी सकाळी होता. हॉल खचाखच भरलेला. पाहुण्यांना शाल-श्रीफळ झालं, त्यांचं भाषण झालं, भाषणात ते कॉलेज दोनदा येऊन गेलं. मग ताई उठल्या. नेसून आल्या होत्या इरकल, वर तेच कार्डिगन. वाक्य वाचलं आणि फोन लावून माइकजवळ धरला.

"कुठं उभी आहेस, पुष्पा?"

"मावशी, कॉलेजच्या अंगणात." मागून बँड इतका जोरात वाजत होता की पोरीला ओरडावं लागत होतं. "आत रिसेप्शन आहे!"

"आणि पोरी?"

"मागं, भटारखान्याशेजारी बसवल्यात. पेपर चालू आहे. आचाऱ्यानं आत्ताच मिरच्यांची फोडणी दिली, सगळ्या खोकत खोकत लिहितायत."

हॉलमध्ये आधी एक हशा पिकला. मग कुणालाच हसू आवरलं नाही. पाहुणेसुद्धा कसनुसं हसले.

"वसतिगृह?" ताईंनी विचारलं.

"कोनशिला आहे, मावशी. तिच्यावर वऱ्हाड्यांनी चपला काढून ठेवल्यात."

आता कुणी हसलं नाही. पाहुणे घसा साफ करून म्हणाले, "हे पाहा, ही तात्पुरती व्यवस्था आहे."

ताई त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढला नाही, पण कार्डिगनच्या बाह्या त्यांनी वर सरकवल्या. "साहेब, तुम्ही आमचे पाहुणे. तुमचा मान आम्ही ठेवला. पण त्या पोरी पाहुण्या नाहीत. ते कॉलेज त्यांचं आहे, आणि त्यांना त्यांच्याच घरात भटारखान्याशेजारी बसवलंय. माझ्या बहिणीला परत पाठवलंत, तेव्हा मी लहान होते, गप्प बसले. आता नाही बसणार." मग हॉलकडे बघून, नेहमीसारखं, "काय म्हणता?"

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मंडळाची वास्तू. आणि मग पहिला आवाज आला तो प्रभाकररावांचा. मान खाली घालून. "अजून नाही." मागोमाग राव गारू, मग मी, आणि मग सगळा हॉल असा ओरडला की शाळेचा केअरटेकर धावत आला, आग लागली की काय म्हणून.

वास्तूचं पुढे काय झालं ते विचारू नका. पुढच्या वर्षी वाचनाच्या शेवटी ताईंनी प्रभाकररावांना उभं केलं आणि एक नवं वाक्य वाचायला लावलं, "स्लाऊच्या मंडळाला वास्तूसाठी मदत केली जाईल." काय उत्तर मिळालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. सर्वांत मोठ्याने प्रभाकररावच ओरडले.

कुणी म्हणतं, इतक्या लांब बसून बोंब मारून काय होणार? मी राजधानी गेलेल्या नागपूरची. दिलेले शब्द कसे हवेत विरतात, हे मला कुणी शिकवायला नको. ते विरतात, कारण ऐकणारे थकतात आणि देणाऱ्यांना ते ठाऊक असतं. विमलताई थकत नाहीत, एवढंच त्यांचं शस्त्र आहे. एवढं शस्त्र धरायला छाती लागते, आणि हे मी तोंडदेखलं म्हणत नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी या ग्रंथाची बैठक होती. पुष्पाचा फोन आला, वसतिगृहाचा पाया खोदायला घेतलाय. आम्ही टाळ्या वाजवल्या. ताईंची मुलगी मीरा इथेच जन्मली, इथल्या शाळेत शिकवते. आईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आई, सेव्हंटी-फाइव्ह झाली तू. आता झाला ना सगळा? नाऊ यू कॅन रेस्ट."

ताई खुर्चीतून उठल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. "खड्डा म्हणजे वसतिगृह नव्हे," म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "ते उभं राहील ना, तेव्हा फोन मी नाही लावणार. मी तिथं पायरीवर उभी असेन. फोन तुम्ही लावा."

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, हे आम्ही नुसतं रीत म्हणून म्हणत नाही, आमचा त्यात स्वार्थ आहे. तुमचे गुडघे धड राहोत, कारण त्या पायऱ्या तुम्हाला चढायच्या आहेत. कान तीक्ष्ण राहोत, म्हणजे आमचा फोन ऐकू येईल. आम्ही सगळे हॉलमध्ये जमू, वडे थांबवून ठेवू, आणि विचारू, "कुठं उभ्या आहात, ताई?" तुम्ही अक्कांचं नाव घेऊन सांगा. 'झालं' म्हणायला आमचे गळे तेवढ्यासाठी राखून ठेवलेत.

आणि तोवर दिल्लीतल्या कुणी चौकशी केली, की स्लाऊच्या त्या म्हाताऱ्या बाई आता तरी थकल्या का, तर सगळा हॉल उत्तर द्यायला तयार आहे. अजून नाही!