अमावस्येला बंद केलेला काटा

"आकडे सुटे सुटे सांगा," मी फोनवर म्हणाले. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत माझी अजूनही गल्लत होते, आणि ती वेळ गल्लत करायची नव्हती.

"गट नंबर पाच, सहा, नऊ," पलीकडून वनरक्षक शेख म्हणाले. "पारगाव शिवार. कॅमेऱ्यात फोटो आलाय मॅडम. मादी पिल्लं तोंडात धरून त्याच उसात शिरलीय. तिथं आज तुमची टोळी हाय का, ते आधी बघा. मी निघालोय, पण पेठच्या पलीकडं हाय अजून. यायला येळ लागंल."

टोळी म्हणजे ऊस तोडणाऱ्या कुटुंबांचा जथा. ही माणसं उजाडायच्या आत फडात उतरतात. तान्ही मुलं बांधावर झोळीत निजवलेली असतात. पिल्लांजवळ कोणी गेलं तर बिबट्याची मादी काय करते, हे जुन्नर-आंबेगावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी इथल्या एका साखर कारखान्यात नेटवर्क सांभाळते. कोणत्या गटात आज कोणती टोळी आहे, मुकादम कोण, ट्रॅक्टर कोणाचा, त्यांचे मोबाइल नंबर काय, हे सगळं आमच्या सर्व्हरवर असतं. फडावरचा चिटबॉय टॅबवर नोंद करतो. (नाव चिटबॉय, पण आमचे बहुतेक चिटबॉय पन्नाशीचे आहेत.) ती नोंद शेतकी ऑफिस, यार्ड, काटा, लॅब सगळ्यांना एकदम दिसते. पूर्वी एवढ्या माहितीसाठी माणसं मोटारसायकलवर फिरायची. आता कोणी फिरत नाही, आणि कोणाला काही पाठही नसतं.

त्या सकाळी नेटवर्क बंद होतं.

शेतकी अधिकारी भोर साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. मला मागे कोणी उभं राहिलेलं आवडत नाही.

"उघडलं का?"

"नाही सर."

"चिटबॉयला लाव."

"लावला. रेंजच्या बाहेर आहे."

पारगावात आमचा एक माणूस होता. साहेबांनी त्याला पिटाळलं. पण गटांचा नकाशाही सर्व्हरवरच. तो बिचारा कॅनॉलवर उभा राहून विचारत होता, "साहेब, समदीकडं ऊसच हाय. कुणीकडं जाऊ?"

मी सर्व्हर रूममध्ये गेले. खोली कसली, एसी लावलेली कोपऱ्यातली अडगळ. तिथे मोठा स्विच आहे. स्विच म्हणजे सगळ्या विभागांच्या केबल जिथे एकत्र येतात तो डबा. एरवी त्याचे दिवे आपापल्या लयीत लुकलुकतात. आज सगळे एकाच वेळी, वेड्यासारखे फडफडत होते.

याला लूप म्हणतात. लग्नात माईक स्पीकरसमोर धरला की शिट्टी वाजते ना? स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा पुन्हा स्पीकरमध्ये. तसंच हे. कुठेतरी एका केबलची दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली होती. एक निरोप गोल गोल फिरत लाखदा वाजत होता, आणि त्या गोंगाटात खरा निरोप कोणाला ऐकू येत नव्हता.

लूप आहे हे कळलं. कुठे आहे हे कळेना. उपाय एकच होता. एकेका विभागाची केबल उपटायची आणि दिवे कधी शांत होतात ते बघायचं.

लॅब काढली. तसंच. स्टोअर काढलं. तसंच. अकाउंट्स, यार्ड, गेट, शेतकी ऑफिस. तसंच. शेख यांचा पुन्हा फोन. "मॅडम, कळलं का?" मी फक्त "बघतेय" म्हणाले.

शेवटी काटा उरला. ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन होतं तो काटा. त्याचा कॉम्प्युटर रडतखडत का होईना, पावत्या काढत होता.

"सर, काट्याची काढते."

"अजिबात नाय!" भोर साहेब दारातून ओरडले. "लाईन पार रस्त्यावर गेलीय. काटा थांबला तर गाडीवाले मला सोलतील. वर चेअरमन साहेबांचा फोन येईल तो वेगळाच. काटा सोडून काय काढायचं ते काढ."

मला वाद घालता येत नाही. केबल काढता येते.

दिवे शांत झाले. एकेक, आपापल्या लयीत.

मी यार्डची आणि शेतकी ऑफिसची केबल परत जोडून लॅपटॉपवर पाच-सहा-नऊ टाकलं. टोळी आजच उतरली होती. मुकादमाला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. तोडीच्या घाईत कोण उचलणार? खाली ट्रॅक्टर ड्रायव्हरचा नंबर होता. त्याने लगेच उचलला.

"हॅलो, तुम्ही कारखान्याच्या टोळीचे ड्रायव्हर का?"

"व्हय. आन् मी तुमच्याच काट्याच्या लायनीत हाय! काटा का बंद केला ताई? हितं काय मुक्काम करायचा का आमी?"

"ते नंतर. टोळी कुठे आहे?"

"फडात. आनखी कुठं आसंल?"

"त्यांना बाहेर काढा. त्या उसात बिबट्याची मादी आहे. पिल्लं आहेत."

"पोरगी बांधावर हाय माजी," तो म्हणाला आणि फोन कट झाला.

मी खिडकीशी गेले. लाईनमधले सगळे काट्याच्या केबिनकडे हात करून शिव्या देत होते. एकच माणूस ट्रॉलीवर चढून फोन कानाला लावून उभा होता. चेहरा ओळखीचा नव्हता, पण तोच हे मला कळलं. त्याने एकदा फोन खाली घेतला, पुन्हा लावला. मग फोनमध्ये काहीतरी ओरडला. मग ट्रॉलीवरच्या उसावर तसाच बसला.

मी त्याला फोन लावला. बिझी. पुन्हा बिझी. मग त्याचाच आला.

"बायकूनं उचलला. पोरगी घेतली. समदी डांबरीवर आलीत." श्वास घेऊन तो म्हणाला, "आता काटा चालू करा."

काट्याच्या केबिनमध्ये उदबत्तीचा वास होता. दर अमावस्येला तिथे नारळ फोडतात. काटा चालवणाऱ्या दत्ताभाऊंनी पहाटे काटा, कॉम्प्युटर, तिथला छोटा स्विच सगळं पुसून हळदीकुंकू वाहिलं होतं. स्विचवर झेंडू होता. त्याच्याखाली एका जादा केबलची दोन्ही टोकं शेजारी शेजारी खोचलेली.

"येक टोक लोंबकळत व्हतं," दत्ताभाऊ म्हणाले. "पूजेला बरं दिसंना. म्हणलं मोकळं भोक हाय, बसवावं."

मी ते टोक काढलं आणि काटा नेटवर्कला जोडला.

शेख यांना पिल्लं सापडली. तोड थांबली होती तिथून मोजक्या सऱ्या पुढे. त्यांनी ती क्रेटमध्ये तिथेच ठेवली आणि रात्री मादी घेऊन गेली. टोळीला दुसरा गट दिला.

चेअरमन साहेबांचा फोन आलाच. काटा कोणी बंद केला? भोर साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच सांगितलं व्हतं बंद करायला."

आता मी रोज संध्याकाळी उद्याच्या टोळ्यांचे नंबर छापून शेतकी ऑफिसच्या भिंतीला लावते, आणि प्रत्येक केबिनमधल्या स्विचची मोकळी भोकं प्लॅस्टिकच्या बुचांनी बंद केली आहेत. पुढच्या अमावस्येला दत्ताभाऊंनी बुचांनाही हळदीकुंकू लावलं. लावू दे. चावीशिवाय ती बुचं निघत नाहीत.