दार आधी की भिंत

समजा, रबराची एक लांब पट्टी तुम्हाला पिळायची आहे. एक टोक भिंतीतल्या हुकाला, दुसरं तुमच्या हातातल्या गिरमिटाला. आधी मागं मागं जात पट्टी ताणायची, मग फेरे देत देत पुढं यायचं. पट्टीवर गाठी धरतात, त्या गाठींवर पुन्हा गाठी. शेवटी रबर वेतासारखं कडक होतं आणि थरथरायला लागतं. शहाणा माणूस इथं थांबतो. थोडे फेरे उलटे सोडतो आणि मगच ते रबरावर उडणाऱ्या छोट्या विमानाला जोडतो, नाहीतर विमान हातातून सुटताच छताला जाऊन आपटतं. जो थांबत नाही, त्याच्या तोंडावर ते रबर तुटून चाबकासारखं बसतं.

मिरोन बार्बूच्या डाव्या भुवईतून एक पांढरा व्रण कानापर्यंत गेला होता. तो थांबणाऱ्यांतला नव्हता.

बस डेपोत तो ब्रेक दुरुस्त करायचा. लहानपणी बापाच्या पट्ट्याखाली वाढलेला, आणि बाप गेल्यावर तो पट्टा जणू याच्याच मनगटात येऊन राहिलेला. एकदा मुकादमानं आईवरून शिवी दिली, तर मिरोननं त्याला पाना फेकून मारला होता. डेपोतली माणसं त्याच्याशी बोलताना मध्ये टेबल आहे ना, एवढं पाहून घ्यायची. आणि असा हा माणूस रविवारी गावच्या जुन्या मीठखाणीत उतरायचा, खोक्यातून वहीच्या पानापेक्षाही हलकं विमान काढायचा आणि श्वास कोंडून हवेत सोडायचा. खाली वारा नाही, ऊन नाही, देवळाएवढं उंच मिठाचं छत. विमान डावीकडं वळत, माणूस चालतो त्याहून सावकाश, अर्धा अर्धा तास गोल फिरत राहायचं.

पंखांवरचा पडदा मात्र मिरोनच्या हातचा नव्हता. तो फुंकरीनं फाटेल इतका पातळ. तो चढवायचा सावू, मिरोनच्या बायकोचा धाकटा भाऊ. सावू खाणीच्या लिफ्टवर कामाला होता. बोटं लांब, बाईसारखी निमुळती. तो पडदा उचलायचा तेव्हा मिरोन दुसऱ्या खोलीत जाऊन उभा राहायचा, कारण त्याच्या नुसत्या श्वासानं काम बिघडायचं.

खाणीचा एक नियम होता. विमान हवेत असलं की लिफ्टच्या लोखंडी दारावर लाल दिवा लागायचा, आणि दिवा लागलेला असताना ते दार उघडायचं नाही. उघडलं की लिफ्टच्या विहिरीतली गार हवा लोंढ्यासारखी आत घुसते. पर्यटक कुरकुरायचे, पण थांबायचे.

देशाच्या संघाची निवड होती त्या सकाळी मिरोन भलताच तापलेला होता. सरावात विमानानं दोनदा डावा पंख खाली टाकला होता. ताज्या पिळाच्या रबरात जोर जास्त असतो, तो विमानाला डावीकडं कलंडवतो, म्हणून त्या पंखाची पुढची कड किंचित वर उचलून पंखाला पीळ देतात. मिरोननं पंख कण्यावर धरणारा मागचा खुंट आणखी केसभर खाली दाबला.

सावू वाकून बघत होता. "दाजी, जास्त झालं हं."

"काय जास्त झालं?"

"पीळ. रबरात दम आहे तोवर ठीक. दम गेला की हाच पंख विमानाला उजवीकडं ढकलेल. गोल मोठा होत जाईल आणि भिंतीला लागेल."

"तू विमानं उडवतोस का लिफ्ट?"

"लिफ्ट."

"मग दार सांभाळ, साल्या. पंख माझा मी बघतो."

विमान सुटलं ते देखणं. छताखाली एक वीतभर जागा ठेवून फिरू लागलं. वेळ मोजणारे म्हातारे नेकुलाय काका खुर्चीत मागं रेलून वर बघत होते. अर्धा तास उलटला, विमान खाली खाली येऊ लागलं. आता नुसतं जमिनीवर अलगद टेकलं असतं तरी मिरोन संघात होता.

तेवढ्यात लोखंड खडखडलं.

मिरोननं गर्रकन मान वळवली. लाल दिवा जळत होता आणि दार उघडं होतं. सावूनं एका पर्यटक बाईला धरलं होतं, ती खोकून खोकून निळी पडली होती. मिरोननं पुन्हा वर पाहिलं तेव्हा विमान मिठाच्या भिंतीला घासत, मोडलेल्या पाकोळीसारखं खाली येत होतं.

पुढचं फार लवकर झालं. मिरोन धावला. बाई आत लिफ्टमध्ये बसलेली होती, सावू एक हात दाराच्या चौकटीवर ठेवून काहीतरी सांगत होता. "दाजी, बाई मेली असती हो," एवढंच ऐकू आलं. मिरोननं दाराला लाथ घातली. हात त्याला दिसला होता. हे त्यानं पुढं कधी, कुणाजवळ नाकारलं नाही.

लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज नीट आलाच नाही, कारण मध्ये बोटं होती. मग सावूची किंकाळी खाणभर फिरली, एका भिंतीवरून दुसरीवर, आणि परत. मिठावर रक्त फार लाल दिसतं. माणसांनी मिरोनला मागं ओढलं, तर त्यानं एकाच्या तोंडावर कोपर मारलं, स्वतःचं खोकं पायाखाली चिरडलं आणि मग एकाएकी तिथंच मटकन बसला.

सावूची दोन बोटं गेली. दवाखान्यात त्यानं सांगितलं, दार आपोआप लागलं. घरी मिरोनची बायको वेता असलं काही ऐकून घेणारी नव्हती. मक्याची मामालिगा घोटायचं लाकडी दांडकं तिच्या हातात होतं. तिनं ते नवऱ्याच्या पाठीवर, खांद्यावर, दोन तुकडे होईपर्यंत चालवलं. मिरोन हात बांधून उभा राहिला.

"माझ्या भावाचा हात!" ती धापा टाकत म्हणाली. "कशापायी? कागदाच्या चिमणीपायी!"

"त्यानं दार उघडलं," मिरोन म्हणाला.

"आणि दार न उघडतं तर? ती चिमणी नसती आपटली भिंतीला?"

दांडक्यापेक्षा या प्रश्नाचाच घाव खोल बसला.

तो नेकुलाय काकांकडं गेला. काका म्हणाले, "गोल मोठा होत होता, बाळा. पण तुझा थोडाफार नेहमीच होतो. खडखडाट ऐकला आणि मीही दाराकडंच बघितलं."

मग विमान दारानं गेलं की भिंतीनं, ते पुन्हा उडवून बघायला मिरोननं मोडके तुकडे जोडायला घेतले. पडद्याला त्याची जाड बोटं लागली की भोक पडायचं. तो शिव्या घालायचा, मूठ टेबलावर हाणायचा, पुन्हा नवा पडदा घ्यायचा. हिवाळा त्यातच गेला. खुंटावर त्या सकाळची पेन्सिलची खूण होती, पीळ अगदी तेवढाच ठेवला. पण दार उघडायला माणूस हवा होता, आणि तसं उघडणारा माणूस जगात एकच होता.

खाण बंद असते त्या दिवशी सावू आला. उजव्या हातात लोकरी हातमोजा, त्याची दोन बोटं रिकामी, आत दुमडून शिवलेली. दाराशी उभा राहून म्हणाला, "दाजी, या खेपेला बोटं कुठं ठेवू?"

मिरोननं खाली पाहिलं. "खिशात."

"बरं. ही शिल्लकही मोडायची असतील तर आधी सांगा, उजव्या हातानं जेवतो मी."

मिरोन रबर पिळायला लागला. विमान उतरत असतानाचाच जोर हवा होता, म्हणून फेरे कमी द्यायचे होते. पण हात ऐकेना. रबर थरथरलं, तरी तो फिरवतच राहिला. फाटकन तुटून ते गालावर बसलं. रक्त हनुवटीवरून गळू लागलं.

सावू मोठ्यानं हसला. "खाणीला आपल्या घरचं रक्त लागतंच बघा."

दुसरी पट्टी सावूनं पिळली. तीन बोटांनी, वेळेवर थांबून.

पहिल्यांदा दार बंद ठेवलं. गोल मोठा होत गेला, होत गेला, आणि विमान भिंतीपासून हातभर अंतरावरून वळून परत आलं, जमिनीवर टेकलं. दुसऱ्यांदा विमान भिंतीजवळ येताच सावूनं दार उघडलं. विमान एका बाजूला फेकलं गेलं, मिठावर आपटलं, आणि या वेळी कणाच तुटला.

"झालं समाधान?" सावू म्हणाला. "दारानंच गेलं. माझाच गुन्हा."

"पण आता तू ते भिंतीजवळ आल्यावर उघडलंस."

"मग?"

"त्या दिवशी कधी उघडलंस? ते कुठं होतं तेव्हा?"

सावूनं खांदे उडवले. "मी त्या बाईकडं बघत होतो, दाजी. मग तुमच्याकडं. विमानाकडं बघायला मला वेळ कुठं होता?"

मिरोननं तुटलेला कणा उचलला. गालावरचं रक्त पंखावर गळालं आणि पातळ पडदा तिथं विरघळल्यासारखा आक्रसला. तो त्या दिवशी विमान घासलं ती भिंतीवरची जागा बघत होता, मग दाराकडं, मग सावूच्या खिशाकडं.

"तू ऐकलं असशील," तो म्हणाला. "पंख भिंतीला घासतो तेव्हा बारीक आवाज येतो. तो आवाज दाराच्या आधी आला होता का रे, सावू?"