यादीतलं माझं पक्कं घर

पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर माझं आणि धाकट्या जावेचं घर एकाच अंगणात होतं. दोन्ही कारवीच्या कुडाची, दोन्ही पावसात गळणारी. फरक इतकाच, की मी दहावी पास आणि ती चौथीतून घरी बसलेली. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरूही दिलं नाही.

घरकुलाच्या पाहणीला ग्रामसेवक आले ते नेमके मी कूड सारवून वर चुन्याचा हात दिला होता तेव्हा. नणंदेच्या सासरची माणसं येणार होती, म्हणून मागून आणलेल्या दोन खुर्च्याही ओट्यावर मांडलेल्या. ग्रामसेवकांनी मोबाइलवर फोटो काढला आणि विचारलं, "घर गळतं का, ताई?" जाऊ अंगणातच उभी होती. तिच्यादेखत माझं घर गळतं म्हणायचं?

"नाही हो. आमचं चांगलं आहे," मी म्हणाले.

मग ते तिच्या दारात गेले. "लय गळतं, साहेब," ती म्हणाली. "चूलसुदिक भिजती. आत येऊन बघा ना." मला तिची लाज वाटली.

यादी लागली. तिचं नाव होतं. माझं, पक्कं घर म्हणून, कापलं गेलं. नवऱ्याने एकदाच विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

जुनं घर पाडल्यावर बांधकाम होईपर्यंत ती पोरांना घेऊन माझ्याकडेच राहिली. जागा नाही असं कोणत्या तोंडाने म्हणणार? घर चांगलं असल्याचं मीच सांगितलं होतं. तिच्या विटा आल्या, सळया आल्या. मी ओट्यावर नागली पाखडत बघत राहायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. स्लॅब टाकला त्या दिवशी, याला तडा जावा, असंही मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगू?

यंदा ती नव्या घरात गेली आणि पावसाने चार दिवस उघडीप दिली नाही. दुपारी ती माझ्या दारात आली. आत पातेली, घमेली, बादली, सगळं धारांखाली मांडलेलं. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं.

"जाऊबाई, पोरीची पुस्तकं भिजत्यात," ती म्हणाली. "आमच्याकडं बसू द्या तिला."

मी होय-नाही म्हणायच्या आत माझी मुलगी दप्तर उचलून तिच्यामागे निघाली. दिवेलागणीला मी अंगणात उभी राहून तिला जेवायला हाक मारली.

"मी इथंच जेवते, आई," ती आतूनच म्हणाली. "इथं कोरडं आहे."